बंधारा फुटतो तो पायथ्याशी

कोकणातील किनाऱ्यावरच्या गावांत बंधाऱ्याची एक ठरलेली दिनदर्शिका आहे. उन्हाळ्यात डंपरमधून काळा दगड येऊन पडतो. जूनच्या पहिल्या मोठ्या उधाणात त्यातील काही दगड जागचे हलतात, जुलैअखेरीस एखाद्या ठिकाणी भगदाड पडते, माडांच्या बागेत खारे पाणी शिरते आणि अधिकाऱ्यांचे पाहणी दौरे सुरू होतात. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा दगड पडतो. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावाने हे चक्र वर्षानुवर्षे अनुभवले आहे. तेथील दगडी बंधारा अनेक पावसाळ्यांत फुटला, अखेर टेट्रापॉडचे कवच असलेल्या नव्या बंधाऱ्याचे काम हाती घ्यावे लागले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळात भरकटलेले 'बसरा स्टार' हे जहाज याच किनाऱ्यावर येऊन आदळले.

बंधारा फुटला की निकृष्ट कामाचा आरोप होतो, आणि काही वेळा तो खराही असतो. तथापि, चोख काम केलेले बंधारेही फुटतात. त्याचे कारण समुद्र, वाळू आणि दगड यांच्या परस्परसंबंधात दडलेले आहे. लाट बंधाऱ्यावर धडकताना सर्वांना दिसते, मात्र बंधाऱ्याचा नाश बहुतेक वेळा नजरेआड, त्याच्या पायथ्याशी सुरू होतो.

प्रश्न केवळ काही गावांपुरता मर्यादित नाही. चेन्नई येथील राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह छायाचित्रांचा अभ्यास केला, तेव्हा देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के भागाची कमीअधिक धूप होत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे.

पुळण हाच पहिला बंधारा

किनाऱ्याचे नैसर्गिक संरक्षण पुळण करते. उतरत्या वाळूवरून येताना लाटेखालचे पाणी उथळ होत जाते, लाट उंचावते, फुटते आणि आपली बहुतेक ऊर्जा किनाऱ्यापासून दूरच गमावते. पावसाळ्यात लाटांचा जोर वाढला की पुळणीवरची वाळू समुद्रात ओढली जाते आणि काही अंतरावर पाण्याखाली तिचा उंचवटा तयार होतो. हा उंचवटा पुढच्या लाटांना आधीच फोडतो. पावसाळा सरला, समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू किनाऱ्यावर परतते. जूनमध्ये वाहून गेलेली पुळण डिसेंबरात पुन्हा भरलेली दिसते ती यामुळेच.

म्हणजे वाळूची ही ये-जा ही सर्वस्वी धूप नव्हे. वाळू जेवढी जाते तेवढी परत येत नाही, तेव्हा खरी धूप होते. नदीवरील धरणांमुळे गाळ अडला, खाडीतून वाळूचा बेसुमार उपसा झाला किंवा शेजारी एखादे बांधकाम समुद्रात शिरले, तर वर्षाचा हिशेब तुटीत जातो. अशा वेळी हलत्या पुळणीवर स्थिर भिंत उभी केली की अभियंत्याच्या अडचणींना प्रारंभ होतो.

उंची दुप्पट, वजन आठपट

बंधाऱ्याचा दगड किती वजनाचा हवा, हा संकल्पचित्रातील पहिला प्रश्न. स्पेनमधील अभियंता इरिबारेन यांनी १९३८ मध्ये त्यासाठी एक सूत्र मांडले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या व्हिक्सबर्ग येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट हडसन यांनी प्रतिकृतींवर असंख्य चाचण्या घेऊन ते सुधारले. आजही प्राथमिक आराखड्यासाठी हडसन यांचे सूत्र जगभर वापरले जाते.

या सूत्राचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. दगडाचे आवश्यक वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लाट दुप्पट उंच झाली की दगड आठपट जड लागतो. एकास दोन उताराच्या बंधाऱ्यावर दीड मीटर उंचीची फुटती लाट येत असेल, तर काळ्या पाषाणाचा सुमारे साडेचारशे किलोचा दगड पुरतो. लाट तीन मीटरची झाली की साधारण ३.६ टनांचा दगड लागतो. एवढे मोठे अखंड दगड प्रत्येक खाणीतून निघत नाहीत, निघाले तरी गावातल्या अरुंद रस्त्यांवरून किनाऱ्यापर्यंत नेणे सोपे नसते.

दगडाची घनताही तितकीच महत्त्वाची. पाण्यात बुडालेल्या दगडाचे परिणामी वजन घटते आणि हलक्या दगडाला ही घट अधिक जाणवते. २.८ घनतेच्या काळ्या दगडाऐवजी २.२ घनतेचा दगड वापरला, तर त्याच लाटेसमोर टिकण्यासाठी तो अडीच पटींहून अधिक वजनाचा घ्यावा लागतो. घराच्या भिंतीला पिढ्यान्‌पिढ्या साथ देणारा कोकणातला जांभा समुद्राच्या तोंडावर मात्र कवचाचा दगड म्हणून चालत नाही, त्याचे एक कारण हेच.

सूत्राने मिळालेले उत्तर हे केवळ पहिले पाऊल असते. त्यानंतर प्रतिकृतीवर चाचणी घ्यावी लागते. या कामाचे देशातील प्रमुख केंद्र पुण्याजवळ खडकवासला येथे आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात लांबलचक काचेच्या कालव्यांत आणि विस्तीर्ण हौदांत कृत्रिम लाटा निर्माण करून बंधाऱ्यांच्या छोट्या प्रतिकृतींची परीक्षा घेतली जाते. समजा, प्रतिकृती १:३६ या प्रमाणात बांधली, तर समुद्रातील बारा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट तेथे दोन सेकंदांनी येते आणि दोन टनांच्या टेट्रापॉडची प्रतिकृती अवघ्या ४३ ग्रॅमची असते. वादळातील काही तासांचा मारा त्यामुळे अल्पावधीत पाहता येतो.

पायाखालची वाळू

वरचे दगड पुरेसे जड असले तरी बंधारा सुरक्षित झाला असे होत नाही. लाट उतारावर किंवा भिंतीवर आपटली की तिच्या ऊर्जेचा काही भाग परत फिरतो. परतणारी लाट आणि पाठोपाठ येणारी लाट एकमेकींना भिडतात आणि पायथ्याशी पाणी घुसळले जाते. त्या घुसळणीत तळाची वाळू उचलली जाते आणि पायथ्याशी खड्डा पडतो. दगड त्या खड्ड्यात घसरतात, त्यांच्यावरचे दगड आधार गमावतात आणि बंधारा वरून खाली बसत जातो.

येथेच एक दुष्टचक्र सुरू होते. किनाऱ्याजवळ लाटेची उंची पाण्याच्या खोलीने मर्यादित होते. ढोबळमानाने खोलीच्या पाऊणपटीहून थोडी अधिक उंची झाली की लाट फुटते. भरतीच्या वेळी पायथ्याशी दोन मीटर पाणी असेल, तर सुमारे दीड मीटरच्या लाटाच बंधाऱ्यापर्यंत पोहोचू शकतात. पायथ्याची वाळू दोन मीटर खचली, की त्याच भरतीला तेथे चार मीटर पाणी उभे राहते आणि तीन मीटरच्या लाटा न फुटता थेट बंधाऱ्यावर येतात. म्हणजे साडेचारशे किलोच्या दगडाने बांधलेल्या बंधाऱ्यापुढे आता साडेतीन टनांहून अधिक वजनाचा दगड मागणारा समुद्र उभा असतो. पहिल्या वर्षी योग्य असलेले संकल्पचित्र पाचव्या वर्षी अपुरे ठरते. दगडात आणि कामात कोणतीही खोट नसताना हे घडू शकते.

उपाय ठाऊक आहेत, पण खर्चिक आहेत. पायथ्याशी जड दगडांचा रुंद पट्टा अंथरायचा, जेणेकरून खड्डा पडला तरी तो पट्टा त्यात वाकून बसेल आणि मूळ उतार शाबूत राहील. शक्य तेथे पाया कातळापर्यंत न्यायचा. ही कामे ओहोटीच्या मोजक्या तासांतच करावी लागतात. तयार झाल्यावर ती वाळूखाली किंवा पाण्याखाली झाकली जातात. उद्‌घाटनाच्या दिवशी ती कोणालाही दिसत नाहीत आणि निधी कमी पडला की काटकसरीची कात्री प्रथम तेथेच लागते.

दुसरा अदृश्य घटक म्हणजे गाळणीचा थर. मोठ्या दगडांमधील फटींतून पाणी आत-बाहेर करते आणि मागची माती सोबत नेते. बाहेरून अभंग दिसणारा बंधारा मागच्या बाजूने पोकळ होतो आणि एक दिवस रस्ता अचानक खचतो. ते टाळण्यासाठी कवचाखाली त्याच्या सुमारे एक दशांश वजनाचे दगड, त्याखाली आणखी लहान दगड आणि सर्वांत खाली पाणी जाऊ देणारे पण माती अडविणारे जिओटेक्स्टाइल कापड अशी उतरंड रचावी लागते. मातीवर नुसते मोठे दगड रचले, तर त्याला ढीग म्हणता येईल, बंधारा म्हणता येणार नाही.

चार पायांचा दगड

खाणीतून पुरेसे मोठे दगड मिळेनात, म्हणून काँक्रीटचे कृत्रिम दगड आले. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा टेट्रापॉड १९५० मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथील जलगतिकी प्रयोगशाळेत विकसित झाला. त्याचा पहिला वापर मोरोक्कोत, कॅसाब्लांकाच्या औष्णिक वीजकेंद्राजवळ झाला. चार पाय एकमेकांत अडकल्याने तो सहजासहजी घरंगळत नाही. शिवाय, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत शिरलेल्या पाण्याची ऊर्जा घर्षणात आणि खळखळाटात विरते. त्यामुळे तीन मीटरच्या ज्या लाटेसाठी ३.६ टनांचा दगड लागतो, त्याच लाटेसाठी सुमारे दोन टनांचा टेट्रापॉड पुरतो.

त्याची उपस्थिती किती मोलाची असते हे मुंबईकरांना २०२२ मध्ये जाणवले. किनारी रस्त्याच्या कामासाठी मरीन ड्राइव्हच्या एका भागातील टेट्रापॉड हलविण्यात आले होते. त्या पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या वेळी इमारतींना हादरे बसत असल्याची तक्रार तेथील काही रहिवाशांनी केली आणि त्याचा संबंध टेट्रापॉड हलविण्याशी जोडला.

तथापि, काँक्रीटचे दगडही अजिंक्य नाहीत. पोर्तुगालमधील सिनेस बंदराच्या लाटरोधक बंधाऱ्यावर 'डोलोस' नावाचे, प्रत्येकी ४२ टनांचे काँक्रीटचे ठोकळे रचले होते. बंधारा पूर्णत्वाच्या जवळ असताना फेब्रुवारी १९७८ मधील एका वादळात त्यातील सुमारे दोन तृतीयांश ठोकळे नष्ट झाले. ज्या लाटांसाठी बंधारा आखला होता, त्यांहून त्या दिवशीच्या लाटा लहान होत्या. ठोकळ्याचा आकार वाढतो तसा त्याच्या अंगावर येणारा ताण वाढतो, काँक्रीटची ताकद मात्र तेवढीच राहते. सडपातळ बांध्याचे अवजड ठोकळे जागचे डुलले, एकमेकांवर आपटले आणि मोडले. ठोकळा वाहून जाणार नाही एवढे पाहून भागत नाही, तो मोडणार नाही हेही पाहावे लागते, हा धडा तेव्हापासून जगभरच्या अभियंत्यांनी गिरवला.

एकाचे रक्षण, दुसऱ्याची धूप

बंधारा आपल्या जागी टिकला तरी शेजाऱ्याचे काय, हा त्यापुढचा आणि अधिक अवघड प्रश्न. लाटा किनाऱ्याला तिरक्या येतात तेव्हा वाळू किनाऱ्याला समांतर वाहते. तिच्या वाटेत आडवे बांधकाम आले की एका बाजूला वाळू साचते आणि दुसरी बाजू उपाशी राहते.

याचे भारतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चेन्नईचे आहे. १८७६ मध्ये तेथे बंदराचे काम सुरू झाल्यावर दक्षिणेकडून येणारी वाळू बंदराच्या भिंतीला अडली. दक्षिणेला मरीना बीच विस्तारत गेला आणि उत्तरेला रोयापुरमच्या बाजूचा किनारा समुद्राने गिळला. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदराच्या लाटरोधक भिंती उभ्या राहिल्या आणि शहरासमोरची पुळण नाहीशी होऊन तेथे दगडांची रांग उरली. २०१८ मध्ये राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी कृत्रिम खडक बसविला, त्यानंतर पुळणीचा काही भाग परत आला. कर्नाटकात मंगळुरूजवळ उल्लाळ येथेही आशियाई विकास बँकेच्या साह्याने किनाऱ्यापासून दूर, पाण्यातच लाटा फोडणारे कृत्रिम खडक बांधण्यात आले.

कोकणची रचना पूर्व किनाऱ्याहून वेगळी आहे. येथे दोन डोंगरांच्या सोंडांमध्ये एकेक पुळण वसली आहे आणि बऱ्याच ठिकाणी तिची वाळू त्या कोंदणातच फिरते. त्यामुळे चेन्नईसारखा परिणाम दूरवर पोहोचत नाही, पण कोंदणातल्या कोंदणात तो तीव्र होऊ शकतो. पुळणीच्या अर्ध्या भागाला बंधारा घातला की त्याच्या टोकाला लाटा वळतात आणि लगतची बागायत खचू लागते. मग तेथील ग्रामस्थ बंधारा वाढविण्याची मागणी करतात. मागणी न्याय्यच असते. अशा रीतीने बंधारा पुढे सरकत राहतो आणि धूपही त्याच्या पुढे चालत राहते.

लाटांच्या हिशेबात माणसे

संकल्पचित्रात लाट, वाळू आणि दगड यांचे आकडे असतात. किनाऱ्याचा वापर करणाऱ्यांचे आकडे त्यात अनेकदा नसतात. सिंधुदुर्गातील रापणकर होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे टाकतात आणि दोन्ही टोके पुळणीवरून ओढतात. पुळणीवर दगडांची रांग आली की रापण संपते. होड्या ओढून ठेवायला, जाळी आणि मासळी सुकवायला जागा राहत नाही. वेळाससारख्या गावात अंडी घालण्यासाठी येणाऱ्या सागरी कासवांनाही मोकळी वाळूच लागते. घर वाचविणारा बंधारा उपजीविका हिरावून घेत असेल, तर त्याला यशस्वी म्हणावे काय?

मुंबईच्या किनारी रस्त्याने हा प्रश्न महानगरातही ऐरणीवर आणला. प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूपर्यंतच्या १०.५८ किलोमीटरच्या या प्रकल्पासाठी समुद्रात मोठा भराव घालण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये त्याच्या मंजुऱ्या रद्द केल्या, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि मार्च २०२४ पासून रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला. या काळात वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांचा लढा पुलाच्या दोन खांबांमधील अंतरासाठी होता. मूळ आराखड्यातील ६० मीटरच्या अंतरातून खवळलेल्या समुद्रात होड्या सुखरूप नेता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची मागणी २०० मीटरची होती. अखेर २०२२ मध्ये हे अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला, तोही काम बरेच पुढे गेल्यावर. होडी चालविणाऱ्याला वारा, प्रवाह आणि उधाण यांचे जे ज्ञान असते, ते आराखड्याच्या पहिल्या बैठकीत विचारात घेतले गेले असते, तर संघर्षाची काही वर्षे वाचली असती.

जोखमीचे गणित

कोणताही बंधारा सर्व वादळांसाठी बांधला जात नाही. शंभर वर्षांतून एकदा येणारी लाट गृहीत धरली, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ती शंभर वर्षांनंतरच येईल असा अर्थ होत नाही. दर वर्षी ती येण्याची शक्यता एक टक्का असते. बंधाऱ्याचे आयुष्य पन्नास वर्षे धरले, तर त्या काळात अशी किंवा तिच्याहून मोठी लाट किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के भरते. पन्नास वर्षांतून एकदा येणारी लाट धरली असेल, तर हीच शक्यता ६४ टक्क्यांच्या घरात जाते.

त्यात समुद्रपातळीची भर पडत आहे. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जागतिक समुद्रपातळी सरासरी २० सेंटीमीटरने वाढली आणि २००६ नंतर वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. हे आकडे किरकोळ भासतात. मात्र, पायथ्याशी पाण्याची खोली वाढली की लाट वाढते आणि लाट वाढली की दगडाचे वजन घनाच्या प्रमाणात वाढते, हे लक्षात घेतले तर त्यांचे गांभीर्य उमगते. शिवाय, बंधारा उंच करायचा तर पायाही रुंद करावा लागतो. केवळ वरून दोन थर चढवून भागत नाही.

पर्याय आहेत, फुकट नाहीत

नेदरलँड्सने १९९० मध्ये किनारा मुख्यत्वे वाळूनेच राखण्याचे धोरण स्वीकारले. २०११ मध्ये तेथे 'सँड मोटर' या प्रयोगात सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकण्यात आली. वारा, लाटा आणि प्रवाह ती शेजारच्या किनाऱ्यावर पसरवतील, ही त्यामागची कल्पना. परंतु त्यासाठी समुद्रतळाशी मुबलक वाळू, मोठी गाळउपसा जहाजे आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा खर्च करण्याची तयारी लागते. पाण्याखालील कृत्रिम खडक पुळण राखतात, पण ते चुकीच्या जागी बसले तर धूप वाढवू शकतात. कांदळवने खाडीचे काठ उत्तम सांभाळतात, मात्र खुल्या समुद्राच्या लाटांसमोर ती रुजत नाहीत. वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरील वेली राखणे हा सर्वांत स्वस्त उपाय, पण त्यासाठी किनाऱ्यालगत बांधकामे न करण्याचा संयम हवा. १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत, संयमाचा अनुभव मात्र सर्वत्र सारखा नाही.

काही ठिकाणी बंधाऱ्यावाचून गत्यंतर नसते, हेही खरे. मरीन ड्राइव्हमागचे शहर मागे हटवता येणार नाही आणि मिऱ्याच्या ग्रामस्थाला घर सोडून जा असे सांगणे सोपे नाही. अशा ठिकाणी बंधारा हवाच. पण निविदा निघण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे ग्रामस्थांसमोर मांडली जायला हवीत. भरतीच्या वेळी पायथ्याशी पाणी किती आणि ते वाढले तर पुढे काय? पाया कातळावर आहे की वाळूवर? दगडाखाली गाळणीचा थर आहे काय? बंधारा जेथे संपतो त्याच्या पलीकडे कोणाची जमीन आहे? होड्या कोठून उतरतील? आणि दर वर्षी पायथ्याची मोजणी करण्याची जबाबदारी व निधी कोणाकडे असेल?

यातील शेवटचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. ऑक्टोबरात, पावसाळा संपताच पायथ्याची खोली मोजली आणि खचलेला भाग त्याच हिवाळ्यात भरून काढला, तर दुष्टचक्र पहिल्याच फेरीत रोखता येते. त्यासाठी लागणारा खर्च नव्या बंधाऱ्याच्या तुलनेत अल्प असतो. जूनमध्ये भगदाड पडल्यावर टाकलेला दगड केवळ ते भगदाड बुजवतो, पायथ्याचा खड्डा तसाच राहतो आणि पुढच्या उधाणाची वाट पाहतो.